अंगठ्याएवढा गाल

गेल्या सोमवारी आमच्या गल्लीच्या तोंडाशी अवरेच्या, म्हणजे इथल्या पावट्याच्या, शेंगांचा पहिला ढीग पडला. होसकोट्याकडून पहाटे गाड्या येतात, रस्त्याच्या कडेला पोती उलटतात, आणि मग संक्रांत होऊन जाईपर्यंत बळेपेठेपासून चामराजपेठेपर्यंत एकच वास भरून राहतो. हिरवा, तेलकट, जरासा उग्र. लहानपणी ज्याच्या नाकात तो बसला नाही त्याला तो सांगून कळायचा नाही. माझी वहिनी पुण्याची. लग्न होऊन आली त्या वर्षी तिला वाटलं होतं, घरात कुठेतरी रॉकेल सांडलंय. आई मात्र शेंग बोटांत चुरडते, बोटं हुंगते, आणि तेल पुरेसं नसेल तर शेंगवाल्याला तोंडावर सांगते की ही शेंग नाही, गवत आहे. सोलून सोलून बोटं काळपट आणि चिकट होतात. मग दाणे भिजत घालायचे आणि एकेक दाणा चिमटीत दाबून सालीतून बाहेर काढायचा. हे काम घरातल्या सगळ्या बायका करतात आणि पुरुष सगळे खातात.

हा वास आला की मला राग येतो. एरवी स्वल्प येतो, आणि पहिल्या आमटीबरोबर जातो. यंदा तो गेला नाही, कारण त्याच सोमवारी मी अण्णांच्या स्टुडिओवरून चालत गेले आणि शोकेसमध्ये मला वत्सला दिसली.

अण्णा म्हणजे माझे कुणी नातेवाईक नव्हेत. बळेपेठेत त्यांचा फोटोचा स्टुडिओ आहे. आमच्याच समाजातले, दोन-तीनशे वर्षांपासून या कन्नड मुलखात राहिलेल्या मराठी घराण्यातले, म्हणून अख्खी पेठ त्यांना अण्णा म्हणते. सात वर्षांपूर्वी मी त्यांच्याकडे कामाला लागले, ती याच दिवसांत.

हे दिवस म्हणजे धनुर्मास. देवळांत पहाटे गरम हुग्गीचा, मूग-तांदळाच्या खिचडीचा, प्रसाद मिळतो, सकाळी धुकं असतं, आणि लग्नं होत नाहीत. लग्नं होत नाहीत म्हणूनच फोटो निघतात. संक्रांत उलटली की स्थळं बघायला सुरुवात होणार, तेव्हा मुलींचे दाखवायचे फोटो त्याआधी तयार हवेत. त्या महिन्यात अण्णांच्या बाकावर सकाळपासून आया आणि मुली बसलेल्या असत. आयांच्या मांडीवर पिशव्या, पिशव्यांत दुसरी साडी, पावडरचा डबा आणि मोठ्या जावेचा हार. मुली गप्प. मुलग्यांचे फोटो काढायला मात्र त्या महिन्यात कुणी आल्याचं मला आठवत नाही. मुलाकडून मागितलाच तर कॉलेजचा ग्रुप फोटो यायचा, आणि त्यात एका डोक्यावर शाईने फुली मारलेली असायची. चाळीस डोक्यांतलं ते एक. तेवढं पुरायचं.

मला कॅमेरा धरायचा होता. मामांच्या पेटी-कॅमेऱ्यावर मी शाळेत असल्यापासून हात बसवला होता. मी बोलणारी मुलगी नव्हते. कॉन्व्हेंटच्या शाळेत इंग्रजी स्वच्छ बोलायला शिकले, पण ते फळ्यासमोर उभं राहून बोलण्यापुरतं. घरात मराठी, दारात कन्नड, आणि तिन्हीकडे मी ऐकणारीच. कॅमेऱ्यामागे ऐकणारं, बघणारं माणूसच लागतं, असं मला वाटायचं. बी.ए. झाल्यावर मी वडिलांना, अप्पांना, सांगितलं. अप्पांनी अण्णांशी बोलून घेतलं आणि घरी येऊन म्हणाले, बरं काम आहे, मागच्या खोलीत बसून करायचं आहे, रस्त्यावरून दिसत नाही. अप्पांच्या दृष्टीने कामाचा तो सर्वांत मोठा गुण होता.

मागच्या खोलीत मला पेन्सिल मिळाली.

तिरप्या लाकडी चौकटीत निगेटिव्ह बसवायची, खालच्या आरशाने खिडकीचा उजेड तिच्यातून वर आणायचा, आणि सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीने चेहरा भरत जायचं. आधी फिल्मवर कापसाने एक पातळ रोगण फिरवायचं, नाहीतर शिसं धरत नाही. मग टिंब टिंब. डोळ्यांखालची सावली, देवीचे वण, कपाळावरची आठी. आणि रंग. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. गोरं ते काळं दिसतं, काळं ते काचेसारखं नितळ. सावळी मुलगी निगेटिव्हमध्ये उजेडासारखी असते, आणि माझं काम तो उजेड पेन्सिलीने बुजवण्याचं होतं. जितकं बुजवावं तितकी ती कागदावर गोरी उमटते. आया येऊन काउंटरवर हळू आवाजात सांगत, ‘अण्णा, स्वल्प उजळ करा हं.’ कुणी एक हात उजळ मागायचं, कुणी दोन हात. भिंतीला चुना देतात तशी ही मापं होती.

अण्णांनी मला हे शिकवलं, आणि चांगलं शिकवलं, हे नाकारणार नाही. कँटोन्मेंटातल्या एका गोऱ्या साहेबाच्या स्टुडिओत त्यांनी तरुणपणी काम केलं होतं. त्यांच्या हातासारखा हात शहरात नव्हता. ते तपकीर ओढत. तपकिरीचे कण निगेटिव्हवर पडत, छापल्यावर चेहऱ्यावर पांढरे ठिपके उठत, आणि ते ठिपके ब्रशने भरायला माझ्याकडे येत. त्याला स्टुडिओत ‘धूळ’ म्हणत.

त्या धनुर्मासाच्या सुरुवातीला अण्णांनी मला एक शब्द दिला. म्हणाले, हा महिना नीट काढ, संक्रांतीनंतर लग्नं सुरू झाली की बायकांच्या बाजूचे फोटो तू काढायचेस, कॅमेरा मी देतो. मी त्या दिवशी घरी चालत गेले ते रस्ता दिसत नसल्यासारखी. रोज सकाळी आईबरोबर अवरे सोलायला बसले की मी मनात लग्नाचे मांडव लावायची. नवरीची आई विहिणीकडे कशी बघते. मंगलाष्टकं चालू असताना आत्या कशी डोळे पुसते. ते फोटो कुणीच काढत नसे, कारण फोटोग्राफर पुरुषांच्या बाजूला उभा असे.

वत्सला आली त्या दिवशी अण्णा एका शाळेचा ग्रुप घ्यायला गेले होते. तिच्या आईला थांबायचं नव्हतं. अर्ध्या तासात राहुकाळ लागणार होता, आणि राहुकाळात काढलेला फोटो स्थळाला पाठवायचा म्हणजे स्थळ गेलंच. त्यांनी मला विचारलं, तुला येतं का? मी मान हलवली. माझ्या हातून निघालेला पहिला धंद्याचा फोटो राहुकाळाच्या भीतीने निघाला, हे मी कुणाला सांगत नाही.

आतले दिवे लावायला वेळ नव्हता. मी मुलीला मागच्या अंगणात नेलं, जिथे प्रिंट वाळत घालायची तार होती आणि चुन्याची भिंत. आईला आत बाकावर बसवलं. वत्सला माझ्याएवढीच होती, सावळी, कपाळ रुंद, डोळे सरळ बघणारे. मी काळ्या कापडाखाली डोकं घातलं तेव्हा ती म्हणाली, ‘अक्का, एक सांगू? मला गोरी करू नका.’

मी कापडाखालून बाहेर आले.

‘मागच्या खेपेला कोलारचे आले होते,’ ती म्हणाली. ‘फोटो हातात घेऊनच आले. एकदा फोटोकडे बघत, एकदा माझ्याकडे. उप्पीट तसंच टाकून गेले. मी ते आत नेऊन खाल्लं.’

हे सांगताना तिला थोडं हसू आलं. मी म्हटलं, नाही करणार. तेवढंच म्हटलं. पण शब्द तो शब्द.

चुन्याच्या भिंतीवरून तिच्या डाव्या गालावर मऊ उजेड येत होता. ती लेन्सकडे बघत राहिली, जशी माणसं माणसांकडे बघतात. निगेटिव्ह धुऊन वर धरली तेव्हा मला कळलं की मी आजवर असं काही काढलेलं नाही.

अण्णांनी दुसऱ्या दिवशी ती खिडकीशी धरली आणि बराच वेळ बघितली. ‘फोटो चांगला आहे,’ ते म्हणाले. हे त्यांनी म्हटलं, मी ऐकलं. मग म्हणाले, ‘दोन हात उजळ कर.’

बोलणारी मुलगी असती तर ‘नाही’ म्हणाली असती. मी निगेटिव्ह गठ्ठ्याच्या तळाशी सारली. लाजाळू माणसाचा नकार असाच असतो, गठ्ठ्याच्या तळाशी. रोगण फिरवून ठेवलं, म्हणजे काम चालू आहे असं दिसावं, आणि तीन दिवस पेन्सिल लावली नाही. मात्र रोज सकाळी आल्या आल्या ती काढून बघायची. सकाळी घरी शेरभर अवरे सोलून आलेले हात, साबण लावून धुतलेले, तरी वास येणारे. मी ती कडेने धरत असे. एकदा कधीतरी ती कडेने धरली नसणार.

चौथ्या दिवशी वत्सलाची आई तगादा लावून गेली. अण्णांनी गठ्ठा उपसला आणि निगेटिव्ह स्वतः पुरी केली. पाव तासात. मी शेजारी बसून त्यांचा हात बघत होते. तिच्या गालावरचा चुन्याचा उजेड, कपाळाची रुंदी, सगळं टिंबाटिंबाने गेलं.

काउंटरवर वत्सलाच्या आईने पाकीट उघडलं. सगळा चेहरा मैद्यासारखा, आणि डाव्या गालावर अंगठ्याएवढी वत्सला. तेवढ्या जागी शिसं धरलंच नव्हतं. जवळून पाहिलं तर त्यात बारीक रेघाही दिसत होत्या, पाण्यावर उठतात तशा, एकीभोवती एक.

‘हे काय?’ तिची आई म्हणाली. ‘बघणारे म्हणतील पोरीला कोड आहे, एवढीच जागा राहिलीय.’

अण्णांनी फोटो बघितला, मला हाक मारली, माझा हात धरला आणि सगळ्यांसमोर माझी बोटं हुंगली. ‘अवरे,’ ते म्हणाले. बाकावरच्या बायका हसायला लागल्या. अण्णांनाही हसू आलं. ‘काय गं मालू, इंग्रजी शाळेत शिकलीस आणि शेवटी अंगठाच लावलास?’

मग ते वत्सलाच्या आईला समजावू लागले. पोरगी नवी आहे, बायका स्वयंपाकघर बरोबर घेऊनच येतात, उद्या मी स्वतः दिव्यांवर नवीन फोटो घेतो. मी ऐकत होते. वत्सला माझ्याकडे बघत होती, अंगणात बघितलं होतं तसंच, सरळ. मी एवढंच म्हणायला हवं होतं की ही गोरी नको म्हणाली होती. मी माझ्या बोटांकडे बघितलं.

नवीन फोटो दुसऱ्या दिवशी निघाला. मी तिचा पदर नीट केला आणि पावडर लावली.

मला पुष्कळदा वाटतं, त्या फोटोत चूक कुठली होती? अख्खा चेहरा खोटा, तो बरोबर होता. अंगठ्याएवढा गाल खरा, तो डाग होता. तपकीर पडली तर धूळ. अवरे लागले तर बायकी हलगर्जी. मी रागीट बाई नाही. पण हे गणित मला सात वर्षांत सुटलेलं नाही.

संक्रांतीला मी एळ्ळू-बेल्लाची पुडी घेऊन स्टुडिओत गेले. तीळ, गूळ, खोबरं, शेंगदाणे, आणि वर साच्यातून काढलेला एक साखरेचा अच्चू. अण्णांनी तोंडात टाकलं आणि रीतीप्रमाणे म्हणाले, गोड खा, चांगलं बोल. मग त्याच सुरात सांगितलं की लग्नाचं काम यंदा राहू दे, तू केस-पदर बघ, निगेटिव्हला हात नको. मी चांगलंही बोलले नाही, वाईटही नाही. दुसऱ्या दिवसापासून गेले नाही.

त्यानंतरचं थोडक्यात सांगण्यासारखं आहे. मामांकडचा दुसरा, जुना घडीचा कॅमेरा मी मागून घेतला. आज मी बारशी, डोहाळजेवणं आणि लग्नांची बायकांची बाजू काढते. पोट भरतं, नाव होत नाही. गेल्या वर्षी मल्लेश्वरात एका लग्नघरी मी गळ्यात कॅमेरा अडकवून उभी होते. यजमानीण आली, मला हळदीकुंकू लावलं, ओटीत ब्लाउजपीस घातलं, आणि विचारलं, फोटोग्राफर अजून कसा आला नाही गं? मी म्हटलं, आलाय. ती इकडेतिकडे बघत राहिली.

अशाच एका हळदीकुंकवात मला वत्सलाचं कळलं. होसकोट्यात दिली आहे. घर बरं आहे, नवरा सरळ आहे. पण सासू आल्यागेल्याला अजून सांगते, आम्हाला फोटोतली दाखवली आणि ही पाठवली. सांगणारी बाई हे विनोद म्हणून सांगत होती. तो दिव्यांवरचा फोटो, ती पावडर, तो पदर माझ्या हातचा होता. आणि ती आधीच म्हणाली होती.

आणि आता ती शोकेसमध्ये आहे. अंगणातली. अण्णांनी टर्पेंटाइनने शिसं धुऊन काढलं असणार, आणि फोटो चांगला हातभर मोठा केला आहे. चुन्याची भिंत, तारेची सावली, रुंद कपाळ, ते सरळ बघणं. खाली पांढऱ्या शाईत, तिरकी, अण्णांची सही. शेजारी चिठ्ठी लावली आहे की हे चित्र प्रदर्शनात होतं. दोन कॉलेजची मुलं थांबून बघत होती. एक म्हणाला, काय चेहरा आहे.

तोच चेहरा. लग्नाच्या बाजारात दोन हात चुना लागणारा. आता सावळेपणाला प्रकाशयोजना म्हणतात म्हणे.

मी मंगळवारी गेले आणि पुढे गेले. बुधवारीही. प्रत्येक वेळी तिच्या डाव्या गालाकडे बघून. शिसं धुतलं तरी तेल फिल्मने सोडलं नव्हतं. तिरपं उभं राहिलं तर दिसतं. बारीक रेघा, एकीभोवती एक.

गुरुवारी मी आत गेले. अण्णा थकलेत, पण तपकिरीची डबी तीच आहे. काउंटरशी दोन गिऱ्हाइकं उभी होती. अण्णांना मला बघून खरंच आनंद झाला, हे मला आवडलं नाही. त्यांनी विचारलं, वाट चुकलीस का? मी म्हटलं, बाहेरचा तो फोटो माझा आहे.

ते रागावले नाहीत. लहान मुलीला समजावतात तसे म्हणाले, ‘कॅमेरा माझा. फिल्म माझी. मागची भिंतसुद्धा माझीच. तुझं काय गं त्यात?’

‘अंगठा,’ मी म्हटलं.

त्यांनी खणातून भिंग काढलं आणि बाहेर रस्त्यावर जाऊन शोकेसपाशी वाकले. बराच वेळ वाकून होते. येणारेजाणारे त्यांच्याकडे बघत होते. आत आले, खुर्चीत बसले, चिमूटभर तपकीर ओढली.

‘सरी, बरं,’ ते म्हणाले. ‘नाव पाहिजे?’

या प्रश्नाला ‘हो’ म्हणायची मी सात वर्षं तालीम केली होती. केस विंचरताना, बसमध्ये, लोकांच्या लग्नात.

‘आधी तिला विचारा,’ मी म्हटलं.

‘कुणाला?’

त्यांना खरोखरच कळलं नाही. शोकेसकडे बोट केलं तरी कळलं नाही. सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त राग या एका प्रश्नाचा आला आहे, आणि हा सगळा लेख म्हटलं तर त्या रागाचा आहे. फोटो माझा की अण्णांचा, यावर आम्ही दोघं काउंटरशी भांडत होतो, आणि जिचा चेहरा होता ती दोघांच्याही हिशेबात शेवटी येत होती. माझ्यासुद्धा. मंगळवारी आणि बुधवारी मी फक्त माझा अंगठा बघत होते.

मी सांगितलं, होसकोट्यात असते. अण्णा म्हणाले, तूच विचार मग, मी कुठे हिंडू आता. मी म्हटलं, ती नको म्हणाली तर फोटो उतरायचा. हे मी त्या दोन गिऱ्हाइकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं. माझा आवाज इतका मोठा आहे हे मलाही नवीन होतं. अण्णांनी मान डोलावली. मग खणातून बिनसहीची एक प्रत काढून माझ्यापुढे सरकवली. निगेटिव्ह दिली नाही. निगेटिव्ह स्टुडिओची असते, असा धंद्याचा रिवाज आहे. रिवाज कुणी पाडला हे मी विचारलं नाही. पुढच्या खेपेला विचारीन.

उद्या सकाळच्या बसने मी होसकोट्याला जाते आहे. ती काय म्हणेल मला माहीत नाही. उतरवा म्हणेल, कदाचित दारातूनच परत पाठवेल. फोटो दाखवायच्या आधी मला सांगावं लागेल की त्या दिवशी काउंटरशी मी तोंड का उघडलं नाही, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे अजून तयार नाही. पण तिच्या सासूच्या कपाटात तो दिव्यांवरचा फोटो असणार. घरात दुसराही एक असावा, ज्याच्याशी तिचा चेहरा ताडून बघता येईल.

मी रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून आई अवरेचे दाणे बांधून देत होती. मग तिचं तिलाच हसू आलं, होसकोट्याला कुणी अवरे नेतं का. तरी आम्ही दोघी सोलत बसलोच, घरच्यासाठी. फोटो जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतला तेव्हा ती म्हणाली, आधी हात धू.

धुतले. वास आहेच.